राऊत सरांची कॅश

राऊत सर बसल्या बसल्या झोपायचे. डोळे पूर्ण मिटायचे नाहीत, मान खाली पडायची नाही, हातातला पेन सुटायचा नाही. स्टाफरूममध्ये नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, हे आपलं बोलणं फार मन लावून ऐकत आहेत. आम्ही जुने लोक ओळखायचो. श्वास जरा जड झाला की सर गेले. पण तेवढ्यात कोणी काही ठोकून दिलं, म्हणजे यंदाची पोरं मागच्यापेक्षा ढ आहेत, किंवा वाशीमचं ऊन आता अकोल्याच्या वर गेलं, तर त्या झोपेतूनच आवाज यायचा, "मोजलं का?"

बोलणारा विषय बदलायचा. सर पुन्हा झोपायचे.

त्यांना झोप येणारच होती. घर शिरपूरला, गावाला लागून थोडी बागायत. वांगी, मेथी, कोथिंबीर. पहाटे भाऊ आणि ते मिळून माल तोडणार, गाडीत चढवणार, मग अंघोळ करून सकाळच्या बसनं वाशीम. खांद्याला एकच बॅग. तिच्यात लॅपटॉप आणि लॅपटॉपच्या शेजारी कधी वांगी, कधी मेथीची जुडी, आमच्यापैकी कोणीतरी सांगितलेली. एकदा लॅबमध्ये त्यांनी लॅपटॉप उघडला तर कळफलकावर कोथिंबिरीची पानं. पोरं हसली. सरांनी पानं एक एक करून वेचली, खिशात टाकली आणि शिकवायला लागले.

मी त्याच कॉलेजात गणित शिकवतो. राऊत सर संगणकाच्या वर्गांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवायचे, तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये नेमणूक, उन्हाळ्यात संपली, पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक. आपण स्वतः घडवलेल्या अभ्यासक्रमासाठी आपलीच दर वर्षी मुलाखत होते याचं त्यांना वाईट वाटायचं की नाही, मला कधी कळलं नाही. मुलाखतीच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, एवढाच फरक.

त्यांचा एक तास मी दारातून पाहिला. माझा वर्ग शेजारीच होता आणि तिकडून इतका गोंधळ ऐकू येऊ लागला की मला वाटलं, पोरांची मारामारी लागली. जाऊन पाहतो तर सर फळ्याजवळ शांत उभे, आणि तिसऱ्या बाकावर पोरांची झोंबाझोंबी. बाकीचे सगळे बाक रिकामे, उरलेली पोरं मागं भिंतीशी उभी.

नियम सरांनीच घातला होता. रोल नंबरचा शेवटचा आकडा ज्याचा जो असेल त्यानं त्या नंबरच्या बाकावर बसायचं. एका बाकावर दोघंच. तिसरा आला की आधीच्या एकानं उठून थेट बाहेर, मैदानाच्या पलीकडच्या लिंबाच्या झाडापर्यंत जायचं, आणि नंबर पुकारला की धावत परत यायचं. आणि सर मुद्दाम फक्त तीन आकडा शेवटी असलेल्यांनाच पुकारत होते. तेरा. तेवीस. त्रेचाळीस. पुन्हा तेरा. पोरं घामाघूम झाली होती.

"आता सांगा," सर म्हणाले, "एवढे बाक रिकामे हायेत, मंग हे काहून भांडून राह्यले?"

मागून एक मुलगी बोलली. प्रियंका नावाची, मंगरूळपीरकडून यायची. "सर, यायचे नंबरच तसे हायेत."

"नंबर कोनं देल्ले?"

"ऑफिसनं."

"बस!" सरांनी हातावर हात मारला. "हा वर्ग म्हंजे प्रोसेसरची कॅश. प्रोसेसरच्या उशाशी असलेली, छोटी, पण लय चपळ. थो लिंब म्हंजे मेन मेमरी. मोठी हाय, पन दूर. अन् ऑफिस म्हंजे आपली ऑपरेटिंग सिस्टीम. प्रोग्रामले मेमरीतलं कोन्तं पान, म्हंजे कोन्ता तुकडा द्याचा, हे थे ठरवते. पानाच्या नंबरावरून कॅशमंदली जागा ठरते. ऑफिसनं डोळे मिटून नंबर वाटले की एकाच बाकावर गर्दी, अन् बाकी वर्ग रिकामा. प्रोसेसरचा दोष नाई. थो बिचारा नुस्ता वाट पाहून राह्यला."

मग त्यांनी विचारलं, "अन् बाक मोठे केले त?"

"मंग भांडन कमी होईन," पोरं म्हणाली.

"किती कमी?"

"मोजा लागीन," सर म्हणाले आणि घंटा झाली.

किती कमी, हाच त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता. कॅश लहान असली तर ऑपरेटिंग सिस्टीमनं मेमरीची पानं कशी वाटावी, आणि कॅश मोठी होत गेली तर त्या वाटण्याचं महत्त्व किती उरतं. या कामात पानांना रंग देतात. एका रंगाची पानं कॅशच्या एका कोपऱ्यात जातात, म्हणून प्रत्येक प्रोग्रामला सगळ्या रंगांची पानं मिळतील असं पाहायचं. रंग अर्थात खरा नसतो, आकड्यालाच रंग म्हणायचं. पण आमच्या स्टाफरूममध्ये बातमी पसरली की राऊत सर पानं रंगवतात, आणि मराठीचे आमचे एक मित्र त्यांना बरेच दिवस पानवाले म्हणत. सर हसायचे. त्यांचं हसणं म्हणजे डावा गाल थोडा वर जायचा, तेवढंच.

प्रयोगाला मशीन म्हणून लॅबमधले जुने संगणक होते, निर्लेखनासाठी, म्हणजे भंगारात काढायला कोपऱ्यात रचून ठेवलेले. एकाचा पंखा घरघरायचा, एकाच्या डब्यात पालीनं अंडी घातली होती. सरांनी ते साफ केले, जोडले, त्यांच्यावर फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि तिच्या पानं वाटणाऱ्या भागात स्वतःचा बदल केला. रविवारी दुपारी, कॉलेज रिकामं असताना, ते एकटे तिथं बसायचे. एका रविवारी मला फोन आला, "सर, येता का जरा? दाखवाचं हाय काही."

मी गेलो. उन्हाचा तडाखा होता, लॅबमध्ये पंखा चालू आणि पडदे ओढलेले. त्यांनी एकच प्रोग्राम एकाच मशीनवर पुन्हा पुन्हा चालवून दाखवला. आधी मूळ पद्धतीनं. कधी लवकर संपायचा, कधी रेंगाळायचा, काही ताळमेळ नाही. मग त्यांच्या वाटणीनं. लवकर संपला, आणि दर वेळी जवळजवळ तेवढ्याच वेळात. गणित शिकवणाऱ्या माणसाला या दुसऱ्या गोष्टीचं मोल जास्त. मी तसं म्हटलं. राऊत सर माझ्याकडे पाहतच राहिले.

"हेच," ते म्हणाले. "जोरात पळालं थे सगळ्यायले दिसते. एकसारखं पळालं, हे तुमालेच दिसलं."

त्या दिवशी ते झोपाळलेले नव्हते. चहा प्यायला आम्ही चालत बाजारापर्यंत गेलो आणि वाटेत त्यांनी मला तीनदा थांबवून काहीबाही समजावलं.

मग नवे संगणक आले. मागणी त्यांनीच केली होती. जुनी मशीनं किती दिवस पुरणार, पोरांना नवीन काही दिसलं पाहिजे, म्हणून गेली काही वर्षं ते अर्ज करत होते. 'जास्त कॅश असलेले संगणक' असं त्यांनी लिहिलं होतं, आणि ऑफिसमधल्या बाबूनं त्यांना बोलावून गंभीरपणे सांगितलं होतं, "सर, कॅशचं नाव काढू नका. संस्थेत सगळा व्यवहार चेकनं होते." ही गोष्ट सर स्वतः सांगायचे, अजिबात न हसता.

संगणक आले, नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. फोटोत सर एका कडेला आहेत, अर्धे कापलेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नव्या मशीनवर तेच प्रयोग लावले. पंधरवडा गेला असेल. एका दुपारी ते स्टाफरूममध्ये आले, माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले, आणि झोपले नाहीत. हे मला विचित्र वाटलं.

"गेला," ते म्हणाले.

मला वाटलं, कोणी वारलं. "कोण?"

"फरक. फरक गेला, सर. नव्या मशीनवर माह्या वाटण्यानं काईच होत नाई. रंग द्या, नका देऊ, सारखंच."

कारण त्यांनी मला पोरांना सांगावं तसं सांगितलं. नव्या प्रोसेसरची कॅश कितीतरी मोठी. बाक इतके रुंद की भांडण सहसा लागतच नाही. आणि वर, कोणता बाक हे आता नुसत्या शेवटच्या आकड्यावर ठरत नव्हतं. सगळे आकडे कालवून ठरत होतं, आणि ते कसं कालवायचं हे बनवणाऱ्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणजे ऑफिसनं कितीही विचारपूर्वक नंबर वाटले तरी पोरगा कुठं जाऊन बसेल, हे ऑफिसला कळणार नव्हतं.

"मंग माह्यं काम कायचं?" त्यांनी विचारलं. मला विचारलं नव्हतं, पण समोर मीच होतो.

त्यांचे गाईड दुसऱ्या शहरातले, वयस्क, निवृत्तीला आलेले. त्यांनी फोनवर सरळ सांगितलं की जुन्या मशीनवरचं काम पूर्ण आहे, आकडे उत्तम आहेत, नव्या मशीनचं नाव काढायची गरज नाही, थिसिस बांधून टाका. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. आणि वेळ अशी होती की कॉलेजात एक कायम जागा निघणार होती. पीएच.डी. हातात असती तर राऊत सरांना ती मिळण्यासारखी होती. सगळ्यांना हे माहीत होतं.

मी त्यांना म्हटलं, "सर, गाईड खोटं लिहा म्हणत नाहीत."

"नाई म्हनत," ते म्हणाले. "मोजलेलं झाका म्हनते."

"पुढं कधी वेगळा लेख लिहा त्याच्यावर."

त्यांनी हातातला पेन खिशाला लावला. मग म्हणाले, "माह्या विषयाचं नाव काय हाय, सर? कॅशच्या आकाराचा परिणाम. आकार वाढला अन् परिणाम गेला. हेच त उत्तर हाय. अर्धं उत्तर देऊन मी वर्गात कसा जाऊ? पोरं त नव्या मशीनवर बसून राह्यले."

त्यांनी नवा भाग लिहायला घेतला. वर्षाच्या वर वेळ गेला. गाईड रागावले, मग आजारी पडले, मग सही करायला उशीर लागला. मधल्या काळात मुलाखती झाल्या आणि जागा भरली गेली. निवड झालेला तरुण हुशार होता, नम्र होता. पहिल्या दिवशी त्याला लॅब दाखवायला कोणी न्यायचं हा प्रश्न आला तेव्हा राऊत सर उठले. कोणत्या मशीनचा प्लग सैल आहे, कोणत्या खिडकीतून पाऊस आत येतो, सगळं सांगितलं. परत येऊन बसले आणि या वेळी खरंच झोपले, तोंड उघडं टाकून. शिपाई चहा घेऊन आला, त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी खुणेनं नको म्हटलं.

त्या दिवसांत एकदा मी शिरपूरला त्यांच्या घरी जेवलो. त्यांच्या पत्नी शोभावहिनी ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. मोठ्यानं बोलणाऱ्या, मोकळ्या बाई. नवऱ्याच्या समोरच मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमीच सांगा आता. दुनियेच्या मशीनी मोठ्या झाल्या, अन् आमच्या घरचं मानूस काहून लहान होऊन बसलं?"

राऊत सर भिंतीला टेकून बसले होते. "लहान नाई झालो वं," ते म्हणाले. "झोप येऊन राह्यली."

"तुमाले झोप येते, मले येत नाई," वहिनी म्हणाल्या. हात थांबले नव्हते. "एक सही घ्या लागत होती मुकाट्यानं. बाकी सारे घेतेत. यायलेच कायले सारं मोजा लागते?"

थोड्या वेळानं वहिनींनी सरांच्या पुढ्यात मेथीचा अर्धा ढीग सरकवला आणि सर निवडायला लागले. जेवण चांगलं झालं. निघताना वहिनींनी मला वांग्यांची पिशवी दिली आणि दारात हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा भाऊजी, यायचं काम चांगलं हाय ना?" मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या.

तोंडी परीक्षेला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. मोठा हॉल, थोडे लोक. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थिसिस खरंच वाचलेला होता, हे त्यांच्या प्रश्नांवरून दिसत होतं. शेवटी त्यांनी चष्मा काढून विचारलं, "राऊत, तुमच्या पहिल्या भागात तुम्ही एक पद्धत सुचवता. शेवटच्या भागात स्वतःच दाखवता की नव्या मशीनवर तिचा उपयोग नाही. मग यातून हाती काय लागलं?"

हॉलमध्ये थोडं हसू झालं. राऊत सर इंग्रजीत बोलत होते, ते सोडून मराठीत आले.

"सर, कॅश लहान असते तवा ऑपरेटिंग सिस्टीमले विचार करा लागते. मोठी झाली की विचार नाई केला तरी भागते. कोन्त्या आकारापासून भागते, थे मी मोजून सांगतलं. त्याच्या अलीकडं माही पद्धत कामाची हाय. पलीकडं नाई. मले एवढंच सापडलं."

परीक्षकांनी थिसिस मिटला. मग "ठीक आहे" म्हणाले आणि चष्मा लावला. पदवी मिळाली. परतीच्या गाडीत मी अभिनंदन केलं तेव्हा सर खिडकीबाहेर पाहत होते. "उद्या सकायचा तास हाय," एवढंच म्हणाले.

डॉ. राऊत असं लिहिलेली पाटी कुठं लावणार? तासिकावाल्यांना खोली नसते. जूनमध्ये त्यांची पुन्हा मुलाखत झाली, इस्त्रीच्या शर्टात.

एकदा मात्र मी त्यांना उजळलेलं पाहिलं. प्रियंका, ती मंगरूळपीरकडची मुलगी, शिकून पुण्याला एका कंपनीत लागली होती. तिचा फोन आला तेव्हा आम्ही स्टाफरूममध्येच होतो. तिची कंपनी शेतातल्या पंपांना, वीजमीटरांना लागणारे छोटे, स्वस्त संगणक बनवायची, तळहातावर मावणारे. त्यात प्रोसेसर छोटा, कॅश छोटी. प्रोग्राम कधी वेळेत चालायचा, कधी अडकायचा आणि पंप उशिरा बंद व्हायचा. सगळे प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले होते. तिला तो बाकांचा तास आठवला.

सरांनी फोन कानाला लावला तो दुपारभर. उभे राहून बोलत होते, खोलीत फेऱ्या मारत होते. "पानं कशी वाटून राह्यले तुमी? पाह्यलं का? नाई, अंदाज नको बाई, मोजून सांग मले... हां. हां. एकाच रंगाची! मले वाटलंच!" आपला जुना कोड त्यांनी तिला पाठवला, कुठं काय बदलायचं ते ओळ न् ओळ सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. चाललं होतं. पंप वेळेवर बंद होत होते.

आम्ही पेढे मागितले. "कंपनीत नाव येईल का तुमचं कुठं?" कोणीतरी विचारलं.

"नाव कायले?" सर म्हणाले. "चाललं ना." आणि डावा गाल वर गेला. तो आठवडाभर ते दुपारी झोपले नाहीत.

मग अभ्यासक्रम बदलला. नवीन विषय आले, ऑपरेटिंग सिस्टीमचे तास निम्मे झाले, मेमरीचा भाग दोन ओळींत आटोपला. उरलेले तास कायम शिक्षकांनाच पुरेनात. राऊत सरांना एक प्रात्यक्षिकाचा गट उरला. एवढ्यासाठी रोज शिरपूर ते वाशीम यायचं, तर बसच्या वेळा जुळेनात. ते तरी येत राहिले. कॉलेजच्या व्हरांड्यात उभं राहून पोरांच्या शंका सोडवायचे, तास नसलेल्या पोरांच्यासुद्धा.

या उन्हाळ्यात रिसोडच्या एका कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षेला आम्ही दोघं बाहेरचे परीक्षक म्हणून गेलो होतो. परतताना शिरपूरवरून जाणारी बस मिळाली. उन्हानं खिडकीच्या गजाला हात लावता येत नव्हता. सर शेजारी बसले. मला वाटलं, आता झोपतील.

"जूनपासून मी नाई येत, सर," ते म्हणाले.

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. "पक्कं ठरवलं?"

"ठरवलं काय, जमतच नाई. भाऊ एकटा थकते वावरात. शोभाचे गुडघे गेले." मग म्हणाले, "अन् खरं सांगू? मी बी थकलो. शिकवून नाई थकलो. दर सालचं थे वाट पाहनं. बोलावतेत का नाई, बोलावतेत का नाई."

सोयाबीन निघून गेलेली काळी रानं दोन्ही बाजूंनी उघडी पडली होती. शिरपूर आलं तसे ते उठले, बॅग खांद्याला लावली, माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि उतरले.

बस तिथं थोडा वेळ थांबली. गावातल्या जैन मंदिराला आलेले यात्रेकरू सामान घेऊन चढत होते, कंडक्टर त्यांच्या पेट्या मागं सरकवत होता. खिडकीतून मला राऊत सर दिसत होते. घराकडं जाणारा रस्ता समोरच होता, पण ते तिकडं गेले नाहीत. एका बंद टपरीच्या सावलीत कट्ट्यावर बसले. चपला काढल्या, पाय समोर लांब केले.

एक जीपवाला हाका मारत फिरत होता, "चला मालेगाव, मालेगाव!" तो त्यांच्यापुढं येऊन थांबला. "मास्तर, वाशीमले जाता का? मालेगावातून लगेच गाडी हाय."

सरांनी वर पाहिलं आणि मान हलवली. नाही म्हणून.

जीपवाला पुढं गेला. आमची बस सुटली. वळणावर मी मागं वळून पाहिलं तेव्हा ते तसेच बसले होते, पाय लांब करून, डोळे उघडे.